इंग्रजी निबंधात 'हाउएव्हर', 'मोरओव्हर', 'देअरफोर' नेमके कुठे आणि किती वापरावेत?

प्रश्न

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या टास्क 2 साठी, म्हणजे 40 मिनिटांत किमान 250 शब्दांच्या निबंधासाठी, जोडशब्दांची तयारी करायची आहे. 'हाउएव्हर', 'मोरओव्हर', 'देअरफोर' यांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात आणि अर्थही पाठ होतात. पण परिच्छेदात घातले की लिखाण ठोकळेबाज वाटतं. नमुन्यादाखल हा परिच्छेद पाहा:

'नाउअडेज, मेनी कंपनीज अलाव एम्प्लॉईज टू वर्क फ्रॉम होम. मोरओव्हर, इट सेव्ह्ज ट्रॅव्हल टाइम. फर्दरमोअर, एम्प्लॉईज कॅन लिव्ह फार फ्रॉम दी ऑफिस. हाउएव्हर, सम मॅनेजर्स फील दॅट दे लूज कंट्रोल. मोरओव्हर, न्यू एम्प्लॉईज लर्न स्लोली. हेन्स, ऑल्दो इट हॅज मेनी बेनिफिट्स, बट इट इज नॉट सुटेबल फॉर एव्हरीवन.'

तीन शंका आहेत. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला जोडशब्द लागतोच का? 'हाउएव्हर'च्या आधी कॉमा द्यायचा, सेमीकोलन की पूर्णविराम? आणि 'देअरफोर', 'दस', 'हेन्स', 'कॉन्सिक्वेंटली' हे चार शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

प्रतिसाद 1

पहिल्या शंकेचं उत्तर: अजिबात लागत नाही. तुमच्या सहा वाक्यांपैकी पाच जोडशब्दाने सुरू होतात आणि ठोकळेबाजपणा तिथूनच येतो. पण संख्या कमी केली की काम झालं असं समजू नका. यातले दोन जोडशब्द जे नातं सांगतात ते नातं त्या वाक्यांमध्ये नाहीच.

आधी परिच्छेदातले सगळे जोडशब्द खोडा आणि उरलेली वाक्यं ओळीने वाचा. दोन वाक्यांतलं नातं तसंही कळत असेल तर तिथे काही घालू नका. विचार वळतोय आणि वाचकाला ते वळण चुकेल असं वाटतं, तिथेच जोडशब्द परत आणा. तुमच्या परिच्छेदावर हे करून बघू.

पहिला 'मोरओव्हर': आधीचं वाक्य म्हणतं की कंपन्या घरून काम करू देतात. पुढचं वाक्य त्याचा फायदा सांगतं. 'मोरओव्हर' कधी बसतो? आधी एक मुद्दा मांडलेला असतो आणि त्याच बाजूचा आणखी एक, बहुतेकदा जास्त वजनाचा, मुद्दा येतो तेव्हा. इथे आधी फायदा सांगितलेलाच नाही, मग भर कशात पडली? हा शब्द चुकीचा आहे.

'फर्दरमोअर': नातं बरोबर आहे, पण दोन छोटे फायदे आहेत. 'अँड'ने एका वाक्यात मावतात.

'हाउएव्हर': इथे विचार खरोखर उलट्या बाजूला वळतो. ठेवा.

दुसरा 'मोरओव्हर': नातं बरोबर, पण इथे वाचकाला जोडशब्दापेक्षा कारण हवं आहे. नवे कर्मचारी सावकाश का शिकतात? तेवढं सांगितलंत की वाक्य आपोआप जोडलं जाईल.

'हेन्स': शेवटच्या वाक्यात दोन्ही बाजू तोलल्या आहेत. आधीच्या वाक्यांतून निघालेला तो परिणाम नाही, म्हणून हाही जाऊ द्या. आणि 'ऑल्दो'सोबतचा 'बट' तर हवाच नाही.

दुरुस्त रूप असं होईल:

'मेनी कंपनीज नाउ अलाव एम्प्लॉईज टू वर्क फ्रॉम होम. दिस अरेंजमेंट सेव्ह्ज ट्रॅव्हल टाइम अँड लेट्स पीपल लिव्ह फार फ्रॉम दी ऑफिस. सम मॅनेजर्स, हाउएव्हर, फील दॅट दे लूज कंट्रोल, अँड न्यू एम्प्लॉईज, हू कॅनॉट वॉच देअर कलीग्ज ॲट वर्क, लर्न स्लोली. ऑल्दो वर्किंग फ्रॉम होम हॅज क्लिअर बेनिफिट्स, इट डझ नॉट सूट एव्हरीवन.'

औपचारिक जोडशब्द एकच उरला, तरी परिच्छेद आधीपेक्षा घट्ट झाला. याचं मोठं श्रेय 'दिस अरेंजमेंट'ला आहे. आधीच्या अख्ख्या वाक्याला एका नामात बांधून पुढच्या वाक्याचा कर्ता करायचं हे तंत्र नीट शिकून घ्या: 'दिस डिले', 'दिस इन्क्रीज', 'दिस पॉलिसी', 'दिस डिफिकल्टी'. नुसता 'दिस' ठेवला तर तो नेमका कशाबद्दल आहे हे वाचकाला शोधावं लागतं, म्हणून सोबत नाम हवंच.

एम. ए. के. हॅलिडे आणि रुकैया हसन या भाषाशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये इंग्रजी मजकूर एकत्र बांधणाऱ्या साधनांचे पाच प्रकार मांडले: निर्देश, पर्यायी शब्दयोजना, अध्याहार (संदर्भाने कळणारे शब्द गाळणं), जोडशब्द आणि शब्दांची पुनरावृत्ती किंवा जवळचे शब्द. जोडशब्द हा पाचातला एक प्रकार. याद्या पाठ करणाऱ्यांचं बाकीच्या चारांकडे लक्षच जात नाही, आणि नुकसान तिथेच होतं.

परीक्षेपुरतं बोलायचं तर टास्क 2 मध्ये सुसंगती आणि जोडणी या निकषाला एक चतुर्थांश वजन आहे. बँड म्हणजे गुणांची पातळी, 9 ही सगळ्यात वरची. बँड 6 च्या वर्णनात यांत्रिक जोडणीचा उल्लेख आहे. बँड 9 च्या वर्णनात मात्र जोडणी जवळपास लक्षातच येऊ नये अशी अपेक्षा आहे. थोडक्यात, परीक्षकाला तुमचे जोडशब्द खुपू लागले की गुण खाली येतात.

प्रतिसाद 2

दुसऱ्या शंकेबद्दल. विरामचिन्ह अर्थावरून ठरत नाही, शब्दाच्या व्याकरणातल्या जातीवरून ठरतं. 'बट', 'ऑल्दो', 'हाउएव्हर' आणि 'डिस्पाइट' हे चारही विरोध दाखवतात, पण चौघांच्या जाती वेगळ्या. एकच आशय चार प्रकारे:

'द सॅम्पल वॉज स्मॉल, बट द रिझल्ट वॉज क्लिअर.'
'ऑल्दो द सॅम्पल वॉज स्मॉल, द रिझल्ट वॉज क्लिअर.'
'द सॅम्पल वॉज स्मॉल. हाउएव्हर, द रिझल्ट वॉज क्लिअर.'
'डिस्पाइट द स्मॉल सॅम्पल, द रिझल्ट वॉज क्लिअर.'

पहिल्या जातीत सातच शब्द: 'फॉर', 'अँड', 'नॉर', 'बट', 'ऑर', 'येट', 'सो'. दोन पूर्ण वाक्यं कॉमाने जोडायची मुभा यांनाच आहे.

दुसऱ्या जातीत 'ऑल्दो', 'बिकॉज', 'सिन्स', 'व्हाइल', 'व्हेअरॅझ', 'अनलेस' वगैरे. हे ज्या वाक्यांशाला लागतात तो पांगळा होतो, एकटा उभा राहू शकत नाही. म्हणून 'व्हेअरॅझ, द सेकंड मेथड इज चीपर.' असं स्वतंत्र वाक्य लिहिणं ही चूक आहे. इथे 'बाय कॉन्ट्रास्ट' तरी वापरा, नाहीतर वाक्य आधीच्याला जोडा: 'द फर्स्ट मेथड इज फास्टर, व्हेअरॅझ द सेकंड इज चीपर.' 'ऑल्दो'च्या लगेच पुढे कॉमा देऊ नका. तो वाक्यांश संपल्यावर येतो.

तिसऱ्या जातीत 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर', 'कॉन्सिक्वेंटली', 'नेव्हरदलेस'. ही क्रियाविशेषणं. ती अर्थाचं नातं सांगतात, पण दोन वाक्यं व्याकरणाने जोडायची ताकद त्यांच्यात नाही. म्हणून 'द सॅम्पल वॉज स्मॉल, हाउएव्हर, द रिझल्ट वॉज क्लिअर' हे चूक. आधी पूर्णविराम किंवा सेमीकोलन हवा. औपचारिक इंग्रजीत सगळ्यात जास्त होणारी विरामचिन्हाची चूक हीच असावी.

कोणता शब्द या जातीतला हे ओळखायची खूण: तो वाक्यात हलवून बघा. 'द रिझल्ट, हाउएव्हर, वॉज क्लिअर' चालतं. 'द रिझल्ट, बट, वॉज क्लिअर' चालत नाही. जो शब्द असा सरकतो त्याच्या आधी नुसता कॉमा पुरत नाही. हलवून बघायच्या याच कसोटीवर 'अदरवाइज', 'देन' आणि 'इन्स्टेड'ही क्रियाविशेषणं ठरतात, आणि तीच चूक त्यांच्याबाबतही होते.

'हाउएव्हर' आत सरकवल्यावर त्याच्या आधीच्या शब्दावर जोर येतो. वरच्या प्रतिसादात 'सम मॅनेजर्स, हाउएव्हर' असं केलंय, त्यामुळे आधी कर्मचाऱ्यांबद्दल बोलत होतो आणि आता व्यवस्थापकांकडे वळलो हे ठळक होतं. मध्ये आला की दोन्ही बाजूंना कॉमा. 'देअरफोर' मध्ये आल्यावर कॉमे गाळले तरी चालतात: 'इट इज देअरफोर नेसेसरी टू…'

सुरुवातीच्या 'हाउएव्हर'पुढचा कॉमा विसरलात तर अर्थ बदलू शकतो. 'हाउएव्हर स्मॉल द सॅम्पल इज' म्हणजे 'नमुना कितीही लहान असला तरी'.

चौथी जात 'डिस्पाइट', 'इन स्पाइट ऑफ', 'बिकॉज ऑफ', 'ड्यू टू' यांची. यांच्यापुढे नाम किंवा 'आयएनजी' रूप येतं, कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य येत नाही. 'ड्यू टू द ट्रेन वॉज लेट' चूक, 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट' किंवा 'बिकॉज ऑफ द डिले' बरोबर. अख्खं वाक्यच जोडायचं असेल तर 'डिस्पाइट द फॅक्ट दॅट' आहे, पण ते लांबतं. त्यापेक्षा 'ऑल्दो' बरा.

प्रतिसाद 3

'ऑल्दो… बट' मराठी माणसाच्या हातून का होतं, ते सांगतो. कारण कळलं की चूक पकडणं सोपं जातं. मराठीत 'जरी… तरी', 'ज्याअर्थी… त्याअर्थी' अशा जोड्या आहेत. नात्याची खूण आपण दोन्ही टोकांना लावतो. इंग्रजीत विरोध आणि कारण यांची खूण एकाच टोकाला लागते. 'ऑल्दो' असेल तर 'बट' नको. 'बिकॉज', 'सिन्स' किंवा 'ॲज'ने सुरुवात केली तर पुढे 'सो' किंवा 'देअरफोर' नको.

घोळ वाढतो तो 'इफ… देन'मुळे. तिथे दोन्ही टोकांना खूण चालते, म्हणून बाकीकडेही चालेल असं वाटतं. 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो', 'बोथ… अँड', 'आयदर… ऑर' याही मान्य जोड्या आहेत. 'ऑल्दो' आणि 'बिकॉज' मात्र एकटेच राहतात.

आपल्याकडून वारंवार होणाऱ्या आणखी काही चुका:

'अकॉर्डिंग टू मी' नको. 'अकॉर्डिंग टू' दुसऱ्याच्या म्हणण्यासाठी किंवा एखाद्या अहवालासाठी असतं. स्वतःच्या मतासाठी 'इन माय व्ह्यू' किंवा 'आय बिलीव्ह'.

'डिस्पाइट ऑफ' असं काही नाही. 'ऑफ' फक्त 'इन स्पाइट'ला लागतो.

'ऑन वन हँड'ऐवजी 'ऑन द वन हँड'. आणि ते लिहिलंत तर पुढे 'ऑन दी अदर हँड' आलाच पाहिजे. 'ऑन दी अदर हँड' एकटा आलेला चालतो.

'लास्ट बट नॉट द लीस्ट' यात 'द' चुकीचा आहे. तो काढला तरी हा वाक्प्रचार भाषणात शोभतो. निबंधात साधं 'फायनली' लिहा.

'ॲट फर्स्ट' म्हणजे 'फर्स्ट' नव्हे. 'ॲट फर्स्ट'मध्ये 'सुरुवातीला असं होतं, पुढे बदललं' असा अर्थ दडलेला असतो. मुद्दे मोजताना 'फर्स्ट' किंवा 'फर्स्टली'. तसंच 'ॲट लास्ट' म्हणजे बरीच वाट पाहिल्यावर 'एकदाचं'. शेवटच्या मुद्द्याला 'लास्टली'.

'विथ रिगार्ड्स टू'मधला शेवटचा 'एस' काढा. 'द रीझन इज बिकॉज'ऐवजी 'द रीझन इज दॅट'. 'सच ॲज' म्हटल्यावर उदाहरणांच्या शेवटी 'एटसेट्रा' नको, कारण यादी अपुरी आहे हे 'सच ॲज'नेच सांगितलेलं असतं.

प्रतिसाद 4

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत 'दो… येट' ही जोडी दिलेली असते आणि शाळेत ती शिकवलीही जाते. ती चूक म्हणता येणार नाही, जुन्या इंग्रजी गद्यात ती भरपूर सापडते. पण आजच्या लिखाणात तो 'येट' गाळतात, आणि परीक्षेच्या निबंधात ठेवला तर जुनाट वाटतो. 'ऑल्दो… बट'ला मात्र असा जुना आधार देत बसू नका, तो सोडायचाच.

आणि 'दो' वाक्याच्या शेवटी टाकणं, जसं 'इट इज कॉस्टली, दो', हे बोलण्याचं इंग्रजी आहे. निबंधात 'हाउएव्हर'. 'बिसाइड्स'ही असाच बोलण्याकडे झुकतो. त्याच्या जागी 'इन ॲडिशन' घ्या.

प्रश्नकर्ता

जोडशब्द खोडून वाचायची युक्ती लगेच वापरता आली, आभार. तिसरी शंका अजून बाकी आहे. तिला जोडून आणखी एक: 'ऑन द कॉन्ट्ररी' आणि 'ऑन दी अदर हँड' यांत फरक काय? मराठीत दोन्हींना 'उलट' म्हणतो.

प्रतिसाद 5

'देअरफोर' आणि 'कॉन्सिक्वेंटली' यांचं काम बऱ्याचदा एकमेकांवर पडतं, पण प्रत्येक वेळी नाही. हे उदाहरण घ्या: 'द रोड इज वेट एव्हरीव्हेअर. देअरफोर, इट प्रॉबॅब्ली रेन्ड लास्ट नाइट.' हे बरोबर आहे, कारण पुराव्यावरून आपण अनुमान काढलं. इथे 'कॉन्सिक्वेंटली' किंवा 'ॲज अ रिझल्ट' घातलं तर रस्ता ओला होता म्हणून पाऊस पडला असा अर्थ निघेल. म्हणजे 'देअरफोर' अनुमानाला चालतो आणि परिणामालाही. 'ॲज अ रिझल्ट' आणि 'कॉन्सिक्वेंटली' मात्र एका घटनेतून दुसरी घटना घडली तेव्हाच वापरावेत. निबंधात तुम्ही समाजातले परिणाम सांगत असाल तर 'ॲज अ रिझल्ट', आणि स्वतःचा निष्कर्ष मांडत असाल तर 'देअरफोर'. एवढं पाळलंत तरी निम्म्या चुका टळतील.

'दस'मध्ये 'अशा रीतीने' ही छटा आहे. त्याच्यापुढे 'आयएनजी' रूप छान बसतं: 'द व्हॉल्व्ह क्लोजेस, दस स्टॉपिंग द फ्लो.' या रचनेत 'देअरफोर' अवघडतो.

'हेन्स'चं वैशिष्ट्य असं की त्याच्यापुढे क्रियापदाशिवाय नुसतं नाम चालतं: 'द सर्व्हर फेल्ड, हेन्स द डिले.' तो शब्द अशा आटोपशीर जागेसाठी राखून ठेवा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'हेन्स' लिहायची आपल्याकडची सवय मोडलेली बरी. 'हेन्स व्हाय' असं तर लिहूच नका.

'सबसिक्वेंटली' दिसायला 'कॉन्सिक्वेंटली'सारखा आहे, पण त्याचा अर्थ फक्त 'नंतर'. त्यात कारणाचा भाग नाही.

आता 'उलट'. मराठीतला हा एक शब्द तीन कामं करतो, म्हणून गोंधळ होतो. 'ऑन द कॉन्ट्ररी' आधीचं विधान खोडून काढतो, आणि औपचारिक लिखाणात ते विधान सहसा नकारार्थी असतं: 'द टास्क वॉज नॉट ईझी. ऑन द कॉन्ट्ररी, इट रिक्वायर्ड मंथ्स ऑफ प्लॅनिंग.' नीट बघा, दोन्ही वाक्यं एकाच बाजूची आहेत. 'ऑन दी अदर हँड' एकाच विषयाच्या दोन बाजू मांडतो आणि त्या दोन्ही खऱ्या असतात. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना असेल तर 'बाय कॉन्ट्रास्ट' किंवा 'इन कॉन्ट्रास्ट'. निबंधाच्या दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात 'ऑन द कॉन्ट्ररी'ने केलेली फार दिसते. त्याचा अर्थ असा होतो की पहिला परिच्छेद चुकीचा होता.

'नेव्हरदलेस' हा 'हाउएव्हर'चा जड भाऊ नव्हे. आधीची गोष्ट पूर्ण मान्य करून 'असं असूनही' म्हणायचं असेल तरच तो. 'द फर्स्ट ग्रुप युज्ड पेपर. नेव्हरदलेस, द सेकंड युज्ड टॅब्लेट्स' हे चुकतं, कारण एका गटाने कागद वापरल्याने दुसऱ्याला काही अडचण नव्हती. नुसता फरक दाखवायला 'व्हाइल' किंवा 'बाय कॉन्ट्रास्ट' पुरे.

'इंडीड' लिहिलंत तर पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा ठाम हवं. 'नेमली'नंतर पूर्ण यादी द्यायची असते, 'फॉर एक्झाम्पल'नंतर एखाद-दुसरा नमुना पुरतो.

प्रतिसाद 6

वेळेच्या हिशोबाचं सांगतो. 40 मिनिटांतली शेवटची चार मिनिटं फक्त यासाठी ठेवा. प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दावरून नजर फिरवा. लागोपाठ दोन वाक्यं जोडशब्द आणि कॉमा यांनी सुरू होत असतील तर त्यातलं एक बदला: जोडशब्द आत सरकवा, दोन्ही वाक्यं 'अँड'ने जोडा किंवा 'दिस'सोबत नाम घालून सुरुवात करा. मग प्रत्येक 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर'च्या डावीकडे बघा, तिथे नुसता कॉमा आहे का? मग प्रत्येक 'ऑल्दो' शोधा आणि त्याच वाक्यात 'बट' लपलाय का ते बघा. या तीन फेऱ्यांत बहुतेक चुका सापडतात.

माझ्या मते मधल्या प्रत्येक परिच्छेदात वाक्याच्या सुरुवातीला एक किंवा दोन औपचारिक जोडशब्द भरपूर झाले. शेवटच्या परिच्छेदाला 'इन कन्क्लूजन' साधा आणि सुरक्षित आहे. 'टू सम अप' वापरलात तर खरोखर मुद्द्यांचा सारांश द्या. 'इन अ नटशेल' निबंधासाठी फार सैल आहे.

प्रश्नकर्ता

सरावासाठी दोन वाक्यं लिहिली: 'डिस्पाइट एम्प्लॉईज सेव्ह ट्रॅव्हल टाइम, हाउएव्हर, दे लूज कॉन्टॅक्ट विथ कलीग्ज. देअरफोर, मेनी फील आयसोलेटेड.' कुठे अडतंय?

प्रतिसाद 2

'डिस्पाइट'पुढे कर्ता-क्रियापद आलंय, तिथे 'ऑल्दो' हवा. 'ऑल्दो' आला की 'हाउएव्हर' जातो, कारण विरोधाची खूण एकदा लागली. दुसऱ्या वाक्यातला 'देअरफोर' चूक नाही, पण संपर्क तुटला आणि त्यातून एकटेपणा आला हा घडलेला परिणाम आहे, म्हणून 'ॲज अ रिझल्ट' जास्त नेमका बसतो: 'ऑल्दो एम्प्लॉईज सेव्ह ट्रॅव्हल टाइम, दे लूज कॉन्टॅक्ट विथ कलीग्ज. ॲज अ रिझल्ट, मेनी फील आयसोलेटेड.'